साखळीच्या करवतीचें बळ

अमेरिकेच्या वायव्य भागांतील ऑरेगॉन व वॉशिंग्टन ह्या राज्यांत उंच सूचिपर्णी वृक्षांचीं विस्तीर्ण अरण्यें आहेत. तेथील लाकूडतोड्यांचें मुख्य हत्यार म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत होय. हिला बाजारांत चेनसॉ म्हणतात. आपल्या कोंकणांतही झाडें तोडण्यास ती आतां सर्रास वापरली जाते. तिकडील कित्येक हौशी लोक ही करवत विकत आणल्यावर आहे तशी ठेवीत नाहींत. घरामागील शेडमध्यें बसून ते तिचें इंजिन उघडतात, कोठें कानस फिरवितात, कोठें भोंक मोठें करितात, आणि कारखान्यानें दिलेल्यापेक्षां अधिक बळ तिच्यांतून काढितात. ह्या खटाटोपाचीं चित्रें हल्लीं मोबाईलच्या पडद्यावर आपलीं मुलेंही पाहतात व वर्गांत विचारतात, "एवढेंसें केल्यानें इंजिनाचें बळ वाढतें, तें कसें?" प्रश्न उत्तम आहे. त्याचें उत्तर केवळ करवतीपुरतें नाहीं. ज्यांच्या घरीं जुनी यामाहा आर. एक्स. १०० उभी आहे आणि ज्यांचा मुलगा तिचा सायलेन्सर कापावा कीं काय ह्या विचारांत आहे, अशा पालकांनींही तें वाचावें, म्हणून हा लेख आम्ही लिहीत आहों.

प्रथम हें इंजिन चालतें कसें तें पाहूं. करवतीचें इंजिन दोन ठोक्यांचें, म्हणजे टू-स्ट्रोक असतें. त्याची साधी रचना जोसेफ डे नांवाच्या इंग्रज यंत्रज्ञानें इ. स. १८९० च्या सुमारास प्रचारांत आणिली. पुण्याजवळ आकुर्डीस होणारी जुनी चेतक स्कूटर ज्यांनीं चालविली असेल, त्यांस पेट्रोलांत तेल मिसळून घ्यावें लागे हें आठवत असेलच. तें ह्याच जातीचें इंजिन. त्याच्या नळकांड्यांत एक दट्ट्या वर-खालीं होतो, त्यालाच पिस्टन म्हणतात. दट्ट्या वर जातांना दोन कामें एकदम होतात: त्याच्या डोक्यावरील पेट्रोल-हवेचें मिश्रण दाबलें जातें, आणि त्याच्या पायाखालच्या पेटींत ताजें मिश्रण ओढलें जातें. दट्ट्या माथ्याशीं पोहोंचण्याच्या किंचित् आधीं प्लगची ठिणगी पडते, मिश्रण पेटतें, व त्याच्या दाबानें दट्ट्या खालीं ढकलला जातो. खालीं येतां येतां तो नळकांड्याच्या भिंतींतील एक द्वार उघडतो. त्यांतून जळलेला धूर बाहेर पडतो. आणखी थोडें खालीं आल्यावर दुसरीं द्वारें उघडतात; पायाखालच्या पेटींत दबलेलें ताजें मिश्रण त्यांतून वर चढतें आणि उरलेला धूर पुढें रेटून त्याची जागा घेतें. चार ठोक्यांच्या इंजिनांत उघडमीट करण्यास झडपा असतात. येथें तसें कांहीं नाहीं. दट्ट्या हाच दरवाजा आणि तोच दरवान.

आतां बळाचा हिशेब सोपा होतो. एका स्फोटांत किती मिश्रण जळलें, तें किती दाबलेलें होतें, आणि असे स्फोट एका मिनिटांत किती झाले, ह्या तीन गोष्टींवर इंजिनाचें बळ अवलंबून असतें. करवतीचें इंजिन मिनिटास ९,००० फेरे करीत असेल तर दर सेकंदास १५० स्फोट होतात. एका स्फोटास एक सेकंदाचा दीडशेवा भाग मिळतो, आणि तेवढ्यांत जुना धूर बाहेर व ताजें मिश्रण आंत, ही सर्व देवघेव उरकावयाची असते. म्हणून इंजिनाचें बळ वाढविणें म्हणजे बहुतांशीं ही देवघेव अधिक मोकळी करणें होय. घरगुती कारागिरांच्या सर्व युक्त्या ह्या एका सूत्रांत ओंवतां येतात.

पहिली व सर्वांत सोपी युक्ति सायलेन्सरची. कारखाना आवाज कमी व्हावा म्हणून धुराची वाट मुद्दाम अरुंद व वळणावळणाची ठेवितो. हौशी माणूस ती वाट रुंद करितो अथवा दुसरें भोंक पाडितो. धूर लवकर निघून गेला म्हणजे आंत ताज्या मिश्रणास अधिक जागा मिळते. परंतु येथेंच पहिला सांपळा आहे. मार्ग मोकळा झाल्यावर इंजिनांतून हवा अधिक वाहूं लागते. कार्ब्युरेटर मात्र पूर्वीच्याच बेतानें पेट्रोल देत राहतो. हवेच्या मानानें पेट्रोल कमी पडतें. आतां ह्या इंजिनांत दट्ट्याला लागणारें तेल पेट्रोलमध्येंच मिसळलेलें असतें, लिटरास सुमारें २० मिलिलिटर. तेव्हां पेट्रोल कमी पडणें म्हणजे तेलही कमी पडणें. शिवाय कमी पेट्रोलाचें मिश्रण जळतांना दट्ट्या अधिक तापतो. दट्ट्या ॲल्युमिनियमचा असतो, व ती धातु ६६० अंश सेल्सियसला वितळते. जळणाऱ्या वायूची उष्णता मात्र क्षणभर २,००० अंशांच्याही वर जाते. तापलेला दट्ट्या फुगतो, नळकांड्यास घासूं लागतो, आणि इंजिन 'सीझ' होतें. आश्चर्य असें कीं, अशा मरणाच्या दारीं असलेलें इंजिन क्षणभर फार चपळ व तिखट आवाजांत चालतें. अजाण माणूस त्यासच यश समजतो. जाणता कारागीर कार्ब्युरेटरचा अधिक गतीचा स्क्रू किंचित् उघडितो. मोकळ्या हवेंत फिरतांना इंजिनाचा आवाज जरासा अडखळत निघावा, आणि लाकडांत घुसतांच तो स्वच्छ व्हावा, ही त्याची खूण असते.

दुसरी युक्ति दाब वाढविण्याची. नळकांडें व खालची पेटी ह्यांच्यामध्यें गॅस्केट म्हणजे एक पातळ चकती असते. ती काढून टाकिली तर नळकांडें तितकें खालीं बसतें, माथ्यावरची पोकळी लहान होते आणि मिश्रण अधिक दाबलें जातें. दट्ट्याचें डोकें व नळकांड्याचा माथा ह्यांमध्यें किती फट राहिली हें पाहण्यास कारागीर प्लगच्या भोंकांतून डाग देण्याच्या मऊ शिशाच्या तारेचें टोंक आंत घालितात आणि चाक हातानें फिरवितात. चेपलेली तार मोजली कीं फट समजते. अर्ध्या मिलिमीटरच्या खालीं जाण्यास शहाणे लोक धजत नाहींत. कारण वेगांत असतां धातूचे भाग किंचित् ताणतात, व दट्ट्या माथ्यावर आदळूं शकतो. शिवाय नळकांडें खालीं सरकल्यानें त्यांतील सर्व द्वारेंही खालीं सरकतात आणि उघडण्या-मिटण्याची त्यांची वेळ बदलते. एक गोष्ट हलविली कीं चार हलतात, हा धडा येथें चांगला शिकावयास मिळतो.

तिसरी युक्ति ह्या द्वारांनाच हात घालण्याची, आणि तीच खरी कौशल्याची. बारीक फिरत्या कानशीनें धुराच्या द्वाराची वरची कड किंचित् उंच केली तर तें लवकर उघडतें, व अधिक वेगांत इंजिनास श्वास घेण्यास सवड मिळते. परंतु धूर लवकर बाहेर सोडला म्हणजे दट्ट्याला ढकलणारा दाबही लवकर सुटतो. म्हणून मंद गतीचें बळ घटतें. द्वार फार रुंद केलें तर दट्ट्यावरील लोखंडी रिंग त्या पोकळींत फुगून अडकते व तुटते. नळकांड्याच्या व्यासाच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास ह्या रुंदीची मर्यादा समजतात, आणि कापलेली प्रत्येक कड गुळगुळीत करून उतरती करितात. करवतीचें नळकांडें आंतून कठीण धातूच्या अगदीं पातळ थरानें मढविलेलें असतें. कानस एकदां चुकली कीं तो थर खपल्यासारखा सुटतो, आणि घासलेली धातु पुन्हां भरून येत नाहीं.

चौथी युक्ति ठिणगीच्या वेळेची. फिरत्या चाकास जाग्यावर धरणारी लहानशी चावी घासून चाक दोन-चार अंश सरकविलें म्हणजे ठिणगी थोडी आधीं पडते. जपून केल्यास गुण येतो. अति केल्यास मिश्रण वेळेपूर्वीं भडकून दट्ट्यास उलट हातोड्यासारखे घाव बसतात, व सुरू करतांना दोरी उलट हिसका देऊन बोटें दुखावते.

ह्या विद्येचा कळस पाहावयाचा असेल तर जर्मनीकडे वळावें. तेथील एम. झेड. ह्या मोटारसायकलींच्या कारखान्यांत वॉल्टर काडेन नांवाच्या यंत्रज्ञानें धुराच्या नळीला विशिष्ट आकार दिला. द्वारांतून सुटलेल्या धुराबरोबर दाबाची एक लाट नळींतून धांवते. ती लाट नळीच्या टोंकाशीं आपटून नेमक्या क्षणीं परत आली तर बाहेर निसटूं पाहणारें ताजें मिश्रण पुन्हां आंत ढकलते. ह्या हिशेबी प्रतिध्वनीच्या जोरावर त्याच्या १२५ घनसेंटिमीटरच्या शर्यतीच्या इंजिनानें १९६१ सालीं सुमारें २५ अश्वशक्ति दिली, म्हणजे लिटरास २०० अश्वशक्ति. अमेरिकेंत व युरोपांत लाकूडतोड्यांच्या शर्यती होतात, त्यांतील 'हॉट सॉ' नांवाच्या खेळांतल्या करवतींनाही अशाच नळ्या असतात. तो खेळ कांहीं सेकंदांत संपतो. अशा इंजिनाचें बळ अफाट, पण तें फारच अरुंद गतीच्या पट्ट्यांत मिळतें आणि त्याचें आयुष्य थोडें. शर्यतीच्या घोड्यास कोणी नांगरास जुंपीत नाहीं.

येथपर्यंत वाचून एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारील, "बळ वाढविणें इतकें साधें आहे, तर कारखान्यानेंच तें कां वाढविलें नाहीं? तेथील इंजिनिअरांस हें ठाऊक नव्हतें काय?" ह्या प्रश्नांतच साऱ्या विषयाचें मर्म आहे. त्यांस तें ठाऊक होतें. त्यांनीं तें बळ जाणूनबुजून शिल्लक ठेविलें. शहाणा गृहस्थ महिन्याची सर्व मिळकत खर्च करीत नाहीं. दुखण्याखुपण्यास, पाहुण्यारावळ्यास कांहीं मागें ठेवितो. यंत्र करणाराही तसेंच करितो. त्याचें यंत्र कोणाच्या हातीं जाईल, कसलें पेट्रोल त्यांत पडेल, थंडींत चालेल कीं वैशाखांत, हें त्यास ठाऊक नसतें. म्हणून तो उष्णतेंत, धातूच्या ताकदींत, आवाजांत आणि सुरक्षिततेंत थोडी थोडी शिल्लक ठेवितो. घरगुती कारागीर बळ निर्माण करीत नाहीं. तो ही शिल्लक मोडून खातो.

ती कशी मोडते, तें आंकड्यांत पाहूं. दट्ट्या व त्याचा दांडा ह्यांवर पडणारा ताण गतीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. इंजिन मिनिटास १२,००० फेऱ्यांऐवजीं १४,००० करूं लागलें तर गति एक-षष्ठांशानें वाढते, पण ताण मात्र शेंकडा ३६ नीं वाढतो. साखळीचेंही तसेंच. सात दांत्यांच्या नेहमींच्या चक्रानें एका फेऱ्यांत साखळी सुमारें १३ सेंटिमीटर पुढें जाते. ९,००० फेऱ्यांस तिची गति सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशीं ७२ किलोमीटर होते. १३,५०० फेऱ्यांस तीच ताशीं १०८ किलोमीटर होईल. पट्टीच्या टोंकाचा वरचा भाग लाकडास लागतांच करवत उसळून चालविणाराच्या तोंडाकडे येते, आणि ती इतकी झटकन् येते कीं माणसास सांवरण्यास अवसर मिळत नाहीं. तिला थांबविणारा ब्रेक ज्या गतीच्या हिशेबानें घडविलेला असतो, त्याच्याही पुढें ती गति जाऊं नये. कानांची गोष्ट अशीच. करवतीचा आवाज चालविणाराच्या कानापाशीं मुळांतच १०० डेसिबेलपर्यंत, केव्हां त्याच्याही वर, जातो. ८५ डेसिबेलच्या आवाजांत आठ तास काम करणें ही मर्यादा धरिली तर दर ३ डेसिबेलांमागें ती वेळ निम्मी होते. त्या मानानें १०० डेसिबेलमध्यें उघड्या कानांनीं पाव तासच काम करावें. सायलेन्सर फोडल्यावर काय उरतें, ह्याचा हिशेब विद्यार्थ्यांनीं स्वतः करावा. सायलेन्सरांत ठिणग्या अडविणारी एक बारीक जाळी असते. धुरास अडथळा होतो म्हणून पुष्कळजण तीही काढून फेंकतात. उन्हाळ्यांतील वाळलेल्या रानांत एक ठिणगी काय करूं शकते, हें सांगावयास नको. अमेरिकेंत लहान इंजिनांच्या धुराविषयीं १९९७ सालापासून नियम आहेत, आणि आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें वाहनाच्या मूळ रचनेंत मनास येईल तसा फेरफार करण्यास मनाई आहे. हे नियम हौशी लोकांस जाचक वाटतात; परंतु ती शिल्लक केवळ मालकाची नसून शेजाऱ्याचीही आहे, एवढेंच ते सांगतात.

तर मग बळ वाढविण्याचा निर्दोष मार्ग कोणताच नाहीं काय? आहे, आणि त्याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. जर्मनींत आंद्रेआस श्टील ह्यांनीं १९२६ सालीं विजेवर चालणारी साखळीची करवत केली, व पुढल्याच वर्षीं एमिल लेर्प ह्यांनीं थुरिंगियांतील डोल्मार डोंगरावर पेट्रोलवर चालणारी करवत चालवून पाहिली. ह्या करवती इतक्या जड होत्या कीं त्या धरण्यास दोन माणसें लागत. पुढें इंजिनें हलकीं व जोरदार होत गेलीं. पण साखळीचे दांत हातकरवतीच्या दांतांसारखे ओरबाडणारेच राहिले. ते लवकर बोथट होत, व त्यांस धार लावण्यांत पुष्कळ वेळ जाई. १९४६ सालीं ऑरेगॉनमधील जोसेफ कॉक्स नांवाचा लाकूडतोड्या एका ओंडक्यापाशीं थांबून लाकूड पोखरणारी एक अळी पाहूं लागला. ती अळी ओल्या लाकडांतून उभी आडवी सहज वाट काढीत होती. तिचे जबडे इंग्रजी सी अक्षरासारखे वाकडे असून ती ते डावीकडून उजवीकडे व उजवीकडून डावीकडे चालवी. कॉक्सनें त्या जबड्यांच्या आकाराचे पोलादी दांत घडविले, आणि १९४७ सालीं पोर्टलंड गांवांतील आपल्या घराच्या तळघरांत ती नवी साखळी तयार केली. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या साखळ्या त्याच कल्पनेच्या वंशांतील आहेत. इंजिनास हातही न लावितां करवतीचें काम ह्या माणसानें पालटून टाकिलें, आणि तेंही घरच्याच कारखान्यांत. सृष्टिकर्त्यानें एका क्षुद्र किड्याच्या मुखांत ठेविलेली युक्ति पाहण्यास डोळे उघडे असणें, एवढेंच त्याचें भांडवल होतें.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, करवतीचें पहिलें अश्वबळ कानशींत आहे. धारदार साखळी लाकडाच्या ढलप्या उडविते. बोथट साखळी पिठासारखा भुसा पाडिते. भुसा दिसूं लागला कीं थांबावें, गोल कानस घ्यावी, आणि प्रत्येक दांतास सारख्याच कोनांत, सारखेच हात द्यावे. दांतापुढें जो लहान उंचवटा असतो तो दांत किती खोल जाईल तें ठरवितो; तो दांताच्या धारेपेक्षां साधारण ०.६५ मिलिमीटर खालीं असावा. हवेची जाळी झटकून स्वच्छ करावी, प्लग पुसावा, तेल मापानें घालावें. इतकें केल्यावर जी करवत कालपर्यंत दुबळी वाटत होती, तीच लोण्यांतून सुरी जावी तशी चालूं लागते. आणि ह्यांत कोणतीही शिल्लक मोडावी लागत नाहीं.

दि. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां आंबे, नारळ, सुपारी आडव्या पडून गांवोगांवचे रस्ते बंद झाले होते. राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलाच्या जवानांनीं ह्याच करवतींनीं ते मोकळे केले. अशा वेळीं कोणती करवत हवी? शर्यतींत दोन सेकंद वांचविणारी नव्हे. तर भर पावसांत दोरीच्या पहिल्या-दुसऱ्या ओढीस सुरू होणारी आणि संध्याकाळपर्यंत न थकणारी. ज्या शिल्लकीस हौशी माणूस वायां गेलेलें बळ समजतो, तीच संकटाच्या दिवशीं कामास येते.

विद्यार्थ्यांनीं इंजिन उघडूंच नये, असें मात्र आमचें मत नाहीं. भंगारांतून एखादें बंद पडलेलें इंजिन आणावें, वडील माणसाच्या किंवा शिक्षकांच्या देखरेखीखालीं टेबलावर सुटें करावें, फिरत्या चाकावर कंपासपेटींतील कोनमापक बसवून कोणतें द्वार किती अंशांवर उघडतें व मिटतें तें वहींत उतरून घ्यावें. घासण्यापूर्वीं मोजावें, आणि मोजण्यापूर्वीं कां तें विचारावें. असा अभ्यास केलेला मुलगा पुढें खरा यंत्रज्ञ होईल; न विचारतां कानस चालविणारा फक्त आवाज करील. पालकांसही विनंति कीं, मुलाच्या हातीं कानस दिसतांच रागावूं नये. तो ती कशावर चालवितो आहे, एवढें पाहावें.

पवित्र शास्त्रांतील उपदेशकाच्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायांत बोथट हत्याराविषयीं एक वचन आहे. नुसता जोर वाढविण्यापेक्षां शहाणपणानें धार लावणें हिताचें, असा त्याचा आशय. इंजिनाचा शोध लागण्यापूर्वीं कित्येक शतकें लिहिलेलें तें वचन आमच्या विद्यार्थ्यांनीं काढून वाचावें, आणि करवतीप्रमाणेंच आपल्या अभ्यासासही लावून पाहावें.